इनडोअर स्टेडियमबद्दल सोलापुरात मला नेहमी विचारले जाणारे प्रश्न

मी मॅट अंथरतो, साउंड लावतो आणि संध्याकाळी पोरांना खो-खो शिकवतो. त्यामुळे खेळवाले पण मलाच विचारतात आणि ऑर्केस्ट्रावाले पण मलाच विचारतात की मोठं इनडोअर स्टेडियम नेमकं असतं कसं, आपल्या गावाला कसं पाहिजे, तिकडं बघायला जायचं तर कसं जायचं. प्रत्येकाला फोनवर तेच तेच सांगण्यापेक्षा सगळं एकदाच इथं लिहून ठेवतोय. कुणी विचारलं तर हेच पाठवून द्या.

हॉल, इनडोअर स्टेडियम, अरेना, सगळं एकच ना?

नाही हो. आपल्या हुतात्मा स्मृती मंदिरात सगळे एकाच बाजूला स्टेजकडं तोंड करून बसतात, ते नाट्यगृह, नाटकाला तेच बरोबर आहे. अरेना म्हणजे कुस्तीचा फड डोळ्यापुढं आणा, मधे आखाडा आणि चारी बाजूनी माणसं, मागचा माणूस पुढच्यापेक्षा जरा वर, फक्त त्या सगळ्यावर एक छत टाका आणि मधे एकही खांब येऊ देऊ नका. ही शेवटची गोष्ट सगळ्यात अवघड असते. आपल्या गिरण्यांच्या जुन्या शेड ज्यांनी आतून बघितल्यात त्यांना आठवत असेल, दर थोड्या अंतरावर लोखंडी खांब, मागाला त्याचा काही त्रास नाही पण मॅच बघणाऱ्याच्या नजरेत एक खांब आला तरी त्याचं तिकीट वाया. म्हणून अरेनाचं छत ट्रसवर असतं, लोखंडाचे त्रिकोणाला त्रिकोण जोडून केलेला सांगाडा, तो एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत मधे टेकू न घेता जातो.

पण आपल्याकडं पार्क स्टेडियम आहे की, होम मैदान आहे की!

आहे ना, आणि दोन्ही पाहिजेतच. पण पार्क स्टेडियम उघडं आहे. एप्रिल-मेमधे पारा ४२-४३ च्या वर गेला की दुपारी चार वाजता पोरांना मैदानात उतरवायची माझी तरी हिंमत होत नाही, आणि जूनपासून पाऊस आला की दोन दिवस चिखल. होम मैदान जानेवारीत गड्ड्याच्या जत्रेचं असतं, ते तसंच राहिलं पाहिजे, सिद्धरामेश्वरांची यात्रा हलवून कोण खेळाला जागा मागणार. म्हणजे ऊन, पाऊस आणि यात्रा वजा केली तर पोरांच्या हातात वर्षातले सरावाचे दिवस किती उरतात ते तुम्हीच मोजा. माझा मुद्दा एवढाच आहे की छत प्रेक्षकासाठी लागतं त्याच्या आधी सराव करणाऱ्या पोरासाठी लागतं.

खो-खो, कबड्डी मातीतले खेळ, त्यांना इनडोअर कशाला?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त येतो आणि जुने खेळाडू तर रागानंच विचारतात. माती माझी पण आवडती आहे. पण आता मोठी स्पर्धा मॅटवर होते, कबड्डीत तर २०१४ ला प्रो कबड्डी मुंबईतल्या एनएससीआय या स्पोर्ट्स क्लबच्या इनडोअर स्टेडियममधून सुरू झाली तेव्हापासून टीव्हीवर बघणाऱ्या पोराला कबड्डी म्हणजे मॅटच वाटते. २०२२ ला अल्टिमेट खो-खो लीगचा पहिला सीझन पुण्यात बालेवाडीला झाला, इनडोअरच. आणि जानेवारी २०२५ मधे खो-खोचा पहिला वर्ल्ड कप दिल्लीच्या इंदिरा गांधी इनडोअर स्टेडियममधे झाला, १३ ते १९ जानेवारी, म्हणजे बरोब्बर आपल्या गड्ड्याच्या दिवसात. भारताच्या दोन्ही टीम जिंकल्या, दोन्ही फायनल नेपाळबरोबर, मुलींनी ७८-४० आणि मुलांनी ५४-३६. दोन्ही कॅप्टन आपल्या महाराष्ट्राचे, प्रियांका इंगळे आणि प्रतीक वाईकर. आमची पोरं गड्ड्यात पाळण्याच्या रांगेत उभी राहून मोबाईलवर फायनल बघत होती, एका फोनभोवती अकरा डोकी.

आता फरक ऐका. मातीवर पाय घसरून थांबतो, मॅटवर पाय चिकटून थांबतो. मातीवर सराव केलेली पोरगी मॅटवर पहिल्यांदा वळली की घोट्यावर आणि गुडघ्यावर वेगळाच झटका येतो, बूट घालून पळायची सवय नसते, डाइव्ह मारताना कोपर भाजतं. पोरगी चांगली असते पण पहिली मॅच नुसतं पाय शोधण्यात जाते. दोन महिने मॅट मिळाली तर हा प्रश्नच राहत नाही. म्हणून म्हणतो.

मॅट किती लागते? आमच्या मंडळाला घ्यायचीय.

पुरुषांचं कबड्डी मैदान १३ बाय १० मीटर, महिलांचं १२ बाय ८. मॅटचे तुकडे बहुतेक १ मीटरचे चौकोनी येतात, कडेला दात असतात, एकात एक अडकवायचे. म्हणजे नुसत्या मैदानाला १३० तुकडे, आणि बाहेर पडणाऱ्या खेळाडूसाठी चारी बाजूला पट्टा ठेवायचा तर अजून बरेच. उन्हात ठेवू नका, तुकडे वाकतात आणि मग दात बसत नाहीत. उघड्यावर अंथरली तर धूळ बसून गुळगुळीत होते, मग ओल्या फडक्यानं पुसा, पूर्ण वाळू द्या आणि मगच खेळा.

मग फ्लोअर केवढा पाहिजे?

बास्केटबॉलचं कोर्ट २८ बाय १५ मीटर, व्हॉलीबॉल १८ बाय ९, बॅडमिंटन १३.४० बाय ६.१०, खो-खोचं जुनं मैदान २७ बाय १६, आणि यात सगळ्यात मोठं हँडबॉल, ४० बाय २०. हँडबॉल बसेल एवढा फ्लोअर धरला की बाकी सगळं त्यात मावतं. उंची लोक विसरतात. मोठ्या बॅडमिंटन मॅचला वर १२ मीटर मोकळं लागतं, व्हॉलीबॉलला १२.५, आणि हे मोजायचं ते छतापर्यंत नाही तर छताला लटकणाऱ्या सगळ्यात खालच्या वस्तूपर्यंत, लाईट असो नाहीतर एसीचा डक्ट. चार मजली बिल्डिंगएवढी पोकळी झाली ही.

फ्लोअर सिमेंटवर डायरेक्ट टाइल्स लावून करू नका, हे हात जोडून सांगतो. बघायला चकाचक दिसतं, उद्घाटनाला फोटो छान येतात, आणि वर्षभरात पोरांची नडगी दुखायला लागते. लाकडी फ्लोअरच्या खाली पट्ट्या आणि रबराच्या गाद्या असतात, उडी मारली की तो किंचित दबतो आणि धक्का पिऊन घेतो. पैसे कमी पडले तर खुर्च्या कमी करा, फ्लोअर कमी करू नका.

एकाच ठिकाणी आज मॅच उद्या गाण्याचा प्रोग्राम कसा काय होतो? फ्लोअर खराब होत नाही?

झाकतात. लाकडावर आधी जाड आच्छादन, त्यावर पॅनल, त्यावर स्टेज आणि खुर्च्या. न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमधे तर खाली बर्फ असतो, तिथली आइस हॉकीची टीम आणि बास्केटबॉलची टीम एकाच जागी खेळतात, बर्फावर उष्णता अडवणारे पॅनल टाकतात आणि त्याच्यावर बास्केटबॉलचं लाकडी कोर्ट जोडतात, एका रात्रीत होतं हे. ती आत्ताची बिल्डिंग १९६८ ची आहे, रेल्वे स्टेशनच्या डोक्यावर बांधलेली, आणि छत केबलवर टांगलेलं असल्यामुळं आत खांब नाही. बर्फाची आपल्याला गरज नाही पण कामाची पद्धत तीच. रात्री अकराला शो संपला की दुसरी शिफ्ट यायला पाहिजे, ट्रक सरळ फ्लोअरपर्यंत आत आला पाहिजे. ट्रक बाहेर थांबून सामान डोक्यावरून आणायचं असेल तर पहाटे चारलाही काम संपत नाही, आम्ही केलंय ते.

मोठे कलाकार आपल्याकडं का येत नाहीत?

माणसं कमी म्हणून नाही. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या ९ लाख ५१ हजार होती. कारण वर बघा, छताकडं. मोठ्या शोचे स्पीकर, लाईट, स्क्रीन सगळं वरून मोटार आणि साखळीनं टांगतात, ते सामान कित्येक टन असतं, मोठ्या टूरचं ३०-४० टनापर्यंत जातं. ट्रस बांधतानाच हे वजन धरलेलं नसेल तर नंतर कितीही पैसे टाका, लटकवता येत नाही. मग जमिनीवर लोखंडी टॉवर उभे करा, म्हणजे पुढच्या सीटा गेल्या, बघायला अडचण, खर्च वाढला, आणि मॅनेजर म्हणतो पुण्यातच करू. डिझाईन कागदावर असतानाच इंजिनिअरला एकच प्रश्न विचारायचा की कुठल्या पॉईंटला किती किलो टांगता येईल. त्याच्याकडं तो नकाशा तयार नसेल तर ते स्टेडियम गाण्यासाठी नाही.

इनडोअरमधे आवाज घुमतो, शब्द कळत नाहीत, साउंडवाला चुकतो का?

बहुतेक वेळा नाही. हे जरा सविस्तर सांगतो कारण हा माझा रोजचा विषय आहे.

आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. स्टेजपासून मागची भिंत ५० मीटरवर असेल तर आवाज जाऊन परत यायला १०० मीटर, म्हणजे पाव सेकंदापेक्षा थोडा जास्त. आता हलगी डोळ्यासमोर आणा, आपल्याकडं लेझीमला हलगी किती जोरात चालते माहिती आहे. एका सेकंदात पाच-सहा टिपऱ्या पडतात, म्हणजे भिंतीवरून आलेली जुनी टिपरी नव्या टिपरीच्या मधे घुसते. वर पत्रा, खाली फरशी, चारी बाजूला गुळगुळीत भिंती असल्या की हे एकदा नाही पन्नासदा होतं आणि सगळ्याचा मिळून एक गोंगाट होतो. आवाज वाढवला की गोंगाट पण वाढतो, म्हणून "आवाज वाढव" म्हणून ओरडू नका.

एकदा एका पत्र्याच्या हॉलमधे आम्हाला प्रोग्राम होता, टेस्टिंगला निवेदकाचं एक वाक्य कळेना. ओळखीच्या एका कारखानदाराकडून शंभरेक चादरी आणल्या, आपल्याच सोलापुरी चादरी, आणि मागच्या भिंतीवर भिंतीपासून हातभर सोडून, घड्या पाडून, वरून खालपर्यंत दोरीवर टांगल्या. भिंतीला चिकटवल्या नाहीत, हे महत्त्वाचं. सगळ्यांना फरक कळला, शब्द सुटे सुटे ऐकू यायला लागले. कापड बारीक आवाज, म्हणजे स, श, टाळ्या, झांज हे पिऊन घेतं. ढोलाचा आणि बेसचा घुमारा मात्र चादरीनं जात नाही, त्याला छताखाली जाड खनिज लोकरीचे, म्हणजे रॉकवूलचे, पॅनल लागतात, ते बांधतानाच लावायचे. कापडाच्या गावात स्टेडियम होईल तेव्हा त्याच्या भिंती बोडक्या ठेवू नयेत असं मला मनापासून वाटतं.

रात्री १० नंतर इनडोअरमधे चालतं का?

ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम आहेत, रात्री १० ते सकाळी ६ लाउडस्पीकर बंद, पण सभागृह, कम्युनिटी हॉल अशा बंद जागेत आतल्या आत चालतं. यावर लोक लगेच खूश होतात पण पुढचं पण वाचा, बाहेर राहणाऱ्याला त्रास होता कामा नये, रहिवासी भागात रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल आहे. साध्या पत्र्यातून बेस आरामात बाहेर जातो. दार एकाच्या आत एक असं डबल पाहिजे, मधे छोटी खोली, म्हणजे कुणी बाहेर गेलं तरी आवाज सुटत नाही. शेजारच्या आजी झोपल्या पाहिजेत, एवढा हिशोब ठेवला तर तक्रार येत नाही.

एसी लागणारच का? पंखे लावले तर?

बसलेला एक माणूस साधारण १०० वॅट उष्णता सोडतो, जुन्या पिवळ्या बल्बएवढी. ५ हजार माणसं म्हणजे ५०० किलोवॅट. नुसती ही उष्णता काढायला १४० टनाच्या आसपास एसी लागतो, घरातल्या दीड टनाच्या हिशोबात पंच्याण्णव एसी झाले, आणि यात वरचं सोलापूरचं ऊन आणि लाईट धरलेच नाहीत. नाचणाऱ्या पब्लिकची उष्णता तर दुप्पट. म्हणून छताला इन्सुलेशन आधी, एसी नंतर.

आणि बॅडमिंटनवाल्यांचं वेगळंच दुखणं असतं, शटल ५ ग्रॅमच्या आसपास, एसीचा झोत लागला की एका बाजूनं मारलेलं बाहेर जातं आणि दुसऱ्या बाजूनं नेटमधे. हवा सीटखालून हळू सोडली तर हा त्रास कमी होतो. रोजच्या सरावाला एसी नकोच, उंच खिडक्या आणि वर गरम हवा निघायला वाट ठेवली तर सकाळ-संध्याकाळ निभावतं, आणि बिल पण परवडतं.

गर्दीत काही झालं तर? भीती वाटते हो पोरांना न्यायला.

भीती बरोबर आहे. दिल्लीत १९९७ ला एका थिएटरला आग लागून ५९ माणसं गेली, तिथं जादा खुर्च्या टाकून बाहेर पडायची वाट अडवलेली होती. म्हणून मी कुठंही गेलो की आधी दारं बघतो. ब्रिटनमधे स्टेडियमसाठी एक मार्गदर्शक आहे, त्यात सपाट वाटेच्या एका मीटर रुंदीतून मिनिटाला जास्तीत जास्त ८२ माणसं आणि जिन्यावरून ६६ माणसं धरतात, आणि सगळे आठ मिनिटात बाहेर पडले पाहिजेत. आपल्या ५ हजारांना लावून बघा, मिनिटाला ६२५ माणसं, म्हणजे जिन्यांची एकूण रुंदी साडेनऊ मीटर, ती पण सगळी दारं चालू धरून. एखादं दार अडकलं तर काय म्हणून त्यापेक्षा जास्तच ठेवायची.

दारं बाहेरच्या बाजूला उघडली पाहिजेत, कार्यक्रम चालू असताना कुलूप नको, आणि दाराबाहेर लगेच टू-व्हीलर लावलेल्या नकोत. हे शेवटचं आपल्याकडं सर्रास होतं. घरच्यांना आत शिरतानाच सांगून ठेवा की चुकामूक झाली तर अमुक गेटच्या बाहेर भेटायचं, कारण गर्दीत नेटवर्क जातं. धक्काबुक्की झाली तर उलट दिशेला जोर लावू नका, हात छातीपुढं ठेवून श्वासाला जागा करा आणि गर्दीबरोबर तिरकं तिरकं कडेला सरका. सूचना मराठीबरोबर कन्नड आणि तेलुगूत पण झाल्या पाहिजेत, आपल्या गावात घाबरलेला माणूस आपल्या घरच्या भाषेतच ऐकतो.

व्हीलचेअर, वयस्कर माणसं?

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानं हा त्यांचा हक्कच आहे, उपकार नाही. रॅम्प, लिफ्ट, आणि व्हीलचेअरची जागा पुढचे उभे राहिले तरी दिसेल अशी, शेजारी घरच्या माणसाला खुर्ची.

कुठली सीट घ्यावी?

कबड्डी, खो-खोला बाजूची, जरा वरची, म्हणजे पळापळीचा पूर्ण डाव दिसतो. गाण्याला स्टेजच्या समोर, साउंडचं टेबल असतं त्याच्या आसपास, कारण साउंडवाला जे ऐकतो त्यावरच सगळं सेट करतो. एकदम कोपऱ्यातली आणि भिंतीला टेकलेली शेवटची रांग टाळा.

सोलापूरहून बघायला कुठं आणि कसं जायचं?

पुण्याची बालेवाडी जवळची, अडीचशे किलोमीटर धरा. १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी ते संकुल बांधलं. हैदराबादला गचिबावली, तीनशेच्या थोडं वर. मुंबईला वरळीचं एनएससीआय. अडचण जाण्यात नाही, येण्यात आहे. हुतात्मा एक्सप्रेस सकाळी नेते पण संध्याकाळीच पुणे सोडते, तेव्हा तुमची मॅच अजून सुरू व्हायची असते. मुंबईहून वंदे भारत पण दुपारी निघते, मग सिद्धेश्वर एक्सप्रेसचं रिझर्वेशन आधी करून ठेवा, ती रात्रीची आहे. पोरं जास्त असतील तर सरळ गाडी करा. बाहेरचं खाणं बऱ्याच ठिकाणी आत नेऊ देत नाहीत, कडक भाकरी आणि शेंगाची चटणी गाडीतच संपवा.

आपल्याला केवढं पाहिजे, आणि चालवायचं कसं?

माझं मत, ४ ते ५ हजार सीट पुरे. त्यातल्या खालच्या रांगा आत सरकणाऱ्या घ्या, रोज त्या भिंतीत बंद राहतील आणि फ्लोअर पोरांना मोकळा. २० हजारांचं बांधून वर्षात चार शो झाले तर बाकीचे दिवस कुलूप आणि पारवे. महिन्यात तीन-चार मोठे प्रोग्राम, लग्नाला द्यायचं नाही, आणि त्या भाड्यातून सकाळ-संध्याकाळ सराव फुकट नाहीतर नाममात्र फीमधे. जागा सिद्धेश्वर तलाव, होम मैदान या भागात नको, तिथं आधीच श्वास घ्यायला जागा नाही. गावाच्या कडेला चालेल पण सिटी बस रात्री शो सुटेपर्यंत पाहिजे, नाहीतर पोरी सरावाला येणारच नाहीत. माझ्याकडच्या चांगल्या खेळणाऱ्या तीन पोरी फक्त परत जायला गाडी नाही म्हणून सुटल्या.

पोरांना पहिल्यांदा नेतोय, काय दाखवू?

मॅचच्या तासभर आधी पोचा. वॉर्म-अप बघू द्या, मोठे खेळाडू बूट कसे बांधतात, मॅटवर पाय कसा टाकतात ते जवळून दिसतं. आमची पोरं बालेवाडीला गेली तेव्हा एका बारक्यानं सगळ्यात आधी खाली वाकून मॅटला हात लावला आणि विचारलं, सर, हे रोज असतं का इथं?